दोन बोटं शेत

चिलीच्या पार दक्षिणेला, माउयिन नदीच्या मुखाशी
मार्सेलाने चिखलात कमरेइतका खड्डा खणलाय.
ओहोटीचे चार तास हातात,
त्यातला एक फावडं धुण्यात गेला.
आता ती सुरीने खड्ड्याची भिंत तासते आहे,
पावावर लोणी सारखं करावं तशी.
काठावर उलट्या बादलीवर बसून
एर्मिंदा लियेनलाफ नळीने माते ओढते आहे.
तिची गायरानाची जागा. परवानगी तिनेच दिली.
अजून काही बोललेली नाही.

भिंतीवर पट्टे उमटतात.
काळी माती. तिच्यावर करडी वाळू.
पुन्हा काळी, पुन्हा वाळू.
मार्सेला सांगते, काळी म्हणजे कुरण, शेत, नांदतं काहीतरी.
वाळू म्हणजे समुद्र आत येऊन गेला.
आणि मधली ही रेघ, सुरीच्या पात्याइतकी,
हिच्यात जमीन खाली बसली.
हातभर, दोन हात.
जेवणं आटपेपर्यंत.

सगळ्यात वरची वाळू साठ सालची, ती म्हणते
आणि जीभ चावते.

एर्मिंदा उठते.
नको म्हणायच्या आत गुडघा धरत खड्ड्यात उतरते,
वाळूखालच्या काळ्या पट्ट्यावर बोटं टेकवते.
दोन पुरतात.
"हे आमचं बटाट्याचं शेत."

बांधावरच्या गवताच्या काड्या अजून आहेत त्यात,
सगळ्या नदीच्या वरच्या अंगाला निजलेल्या,
कुणी भांग पाडून ठेवल्यासारख्या.

"मी नऊ वर्षांची. रविवार होता.
आदल्या दिवशी उत्तरेला हललं, रेडिओने सांगितलं,
म्हणून आईने चूल पेटवली नाही.
थंड पाव खाल्ला. मला त्याचाच राग.
मग गाय बसली.
आधी गाय, मग कुंपण, मग मी.
समुद्र मागे सरला तसा तळ उघडा पडला
आणि सेलेदोनियोकाका टोपली घेऊन शिंपले वेचायला..."

इथे ती नाक शिंकरते.

"टोपली मिळाली. पुढच्या वर्षी. पार त्या टेकडीपाशी."

मार्सेला सुरीचं टोक खाली नेते, कारण कुठेतरी न्यायलाच हवं.
हा पंधराशे पंचाहत्तरचा असावा.
सतराशे सदतीस, अठराशे सदतीस
कागदात आहेत, चिखलात नाहीत.
आणि याखालचे सगळे
चिखलात आहेत, कागदात नाहीत.
तेव्हा इथे कागद नव्हता.

"माणसं होती," एर्मिंदा म्हणते.

मग वाकून ती प्रत्येक काळ्या पट्ट्यावर
तीच दोन बोटं ठेवत जाते,
ताप बघतात तशी.
"हे कुणाचं?"
माहीत नाही.
"आणि हे?"
नऊशे वर्षं, थोडं इकडेतिकडे.
"वर्षं नाही विचारली मी."

पत्र्याच्या डबीत भिंतीचा एक काप भरला जातो.
चिठ्ठीवर आकडा, खोली, तारीख.
मार्सेला पेन्सिल थांबवते, काहीतरी विचारायचंय तिला.
"निळ्या सालीचे," एर्मिंदा आपणहून सांगते.
"उकडले की फुटायचे. लिही."
रकाना नाही तसा. ती समासात लिहिते.

भरती लागली.
खड्ड्याच्या तळाशी आधी बूट भिजतात, मग आवाज बदलतो.
एर्मिंदाला वर काढायला दोन्ही हात लागले,
दोघी हसल्या, एक बूट आतच राहिला,
राहू दे म्हणाली, पुढच्या कुणाला तरी सापडेल.

वाटेने मार्सेलाने विचारलं,
रविवारी चूल पेटवता का आता?
"पेटवते की. घरी कालवण आहे, चल.
फक्त, भांडं भरून ठेवत नाही काठोकाठ.
पाण्याकडे बघत बसायला लागतं मग."